गात्रवीणा आणि काष्ठवीणा

मनुष्याचा कंठ श्रेष्ठ की मनुष्याने घडवलेले वाद्य श्रेष्ठ, हा प्रश्न ऐकायला पारावरच्या रिकाम्या वेळचा वाटतो. परंतु अलीकडे वाई, जावळी, कोरेगाव या तालुक्यांतल्या गावांतून सप्ताहाच्या बैठकीत तोच प्रश्न निराळा वेश घेऊन आमच्यापुढे येऊ लागला आहे. सप्ताहात वीणा अखंड उभी हवी. पूर्वी पहारा आपल्याला मिळावा म्हणून माणसे आधीपासून नाव सांगून ठेवीत. आता पहाऱ्याला माणूस शोधावा लागतो. तरणी पोरे मुंबईस माथाडीत नाहीतर पुण्यास कंपनीत. गावात उरली ती गुडघ्यांना तेल चोळणारी मंडळी. मग बैठकीत एखादा शिकलेला, मनाने चांगला मुलगा उठतो आणि म्हणतो, "महाराज, तंबोऱ्याचे यंत्र मिळते. बटण दाबले की चोवीस तास वाजते, सूर तसूभर हलत नाही. मोबाइलवर तर फुकट आहे. रात्री दोन ते चार तेवढे लावू या का? सूर अखंड राहिला म्हणजे झाले ना?"

या मुलाला हसून खाली बसवणे सोपे आहे. तसे करू नये. तो जे विचारतो त्यात शास्त्रही आहे आणि धर्मही आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांना त्याचे उत्तर मनातून ठाऊक असले तरी तोंडाने देता येत नाही. म्हणून हा विचार थोडा मुळापासून करू.

आमच्या प्राचीनांनी या विषयाचा निकाल फार पूर्वी लावून ठेवला आहे, असे कोणालाही वाटेल. ऐतरेय आरण्यकाच्या तिसऱ्या आरण्यकात एक मोठे गमतीचे प्रकरण आहे. ऋषी म्हणतो की हे शरीर ही देवाने केलेली वीणा, आणि लाकडाची जी वीणा आपण हाती घेतो ती तिची माणसाने केलेली नक्कल. मग तो एकेक अवयव जुळवून दाखवतो. हिला डोके तसे तिला डोके, हिला पोट तसे तिला पोट, हिला जीभ तशी तिला वाजवायची काडी, हिला बोटे तशा तिला तारा. हिच्या अकारादि स्वरांच्या जागी तिचे सूर, हिच्या क-च-ट-त-प या स्पर्शवर्णांच्या जागी तिच्या तारेला होणारे बोटांचे स्पर्श. शेवटी तर तो म्हणतो की ही केसाळ कातड्याने मढलेली आहे म्हणून तीही पूर्वी केसाळ कातड्याने मढवीत. इतका बारकावा वाचला की त्या ऋषीच्या पुढ्यात खरोखरच एक वीणा ठेवलेली असावी आणि तो एकदा तिच्याकडे, एकदा आपल्या अंगाकडे बघत असावा असे वाटते. नारदीय शिक्षेतही वीणा दोन सांगितल्या आहेत, एक लाकडाची आणि एक गात्रांची. पुढे तेराव्या शतकात देवगिरीस सिंघण यादवाच्या पदरी राहिलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला, त्यात क्रम लावून दिला: नृत्य वाद्याच्या मागे चालते, वाद्य गीताच्या मागे चालते. म्हणजे पालखीत पुढे गीत, मागे वाद्य. झाला निकाल!

पण पाठशाळेत आम्हांला पहिली शिस्त लावली ती ही, की पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा नाही. समोरच्याचे म्हणणे त्याने स्वतः मांडले असते त्याहून बळकट करून मांडावे आणि मग सिद्धान्ताकडे जावे. तर वाद्याची बाजू बघू.

कंठाचे दैन्य कंठ वापरणाऱ्यालाच ठाऊक. पुरुषाच्या गळ्यात ज्या दोन स्वररज्जू आहेत त्यांची लांबी इंचाच्या आतबाहेर. काळी एकच्या षड्जाला लावले तर त्या सेकंदाला सुमारे १३८ वेळा मिटतात आणि उघडतात. एवढ्याशा चिंधीवर माणसाचे सगळे बोलणे, रडणे, भांडणे आणि गाणे. ताक प्यायले की बसतो, धुळीत बसतो, रात्र जागली की बसतो, सर्दीत तर राहतच नाही. आणि वयाबरोबर तो म्हातारा होतो, हे तर औषध नसलेले. आमचा गळा आता तारसप्तकात जात नाही. गेलाच तर परत येताना वाटेत बसून घेतो. याउलट चांगला तंबोरा पन्नास वर्षांनंतर अधिक बोलतो, असे जाणकार सांगतात. तार तुटली तर दुसरी चढवता येते. आमची तुटली तर कोणत्या दुकानात जावे?

एवढेच नाही. पूर्वपक्षाचे खरे बळ पुढेच आहे. गवई गायला बसतो तेव्हा आधी तंबोरा लागतो आणि मग गळा लागतो. कोण कोणाकडे बघून चालते? शार्ङ्गदेव म्हणतो वाद्य मागे, आणि बैठकीत बघावे तर गळा तंबोऱ्याच्या आधाराने उभा. नक्कल मुळाला शिकवते, हा काय न्याय? आणि तंबोऱ्यात एक नवल आहे, ते कोणत्याच गळ्यात इतके उघड ऐकू येत नाही. त्याच्या चार तारांत गंधाराची तार नसते. तरी खर्ज नीट लागला, जवारी नीट असली, की त्या खर्जाच्या पोटातून गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला जाणकार स्वयंभू गंधार म्हणतात. कोणी न लावता उमटणारा स्वर! असे असताना लाकडाला कमी कोणत्या तोंडाने लेखावे?

याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. वाईहून निघालेली कृष्णामाई पुढे सांगलीस जाते, आणि तिथून मिरज हाकेवर. मिरजेचे तंबोरे नि सतारी सगळ्या हिंदुस्थानात जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हा धंदा सुरू केला तो हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी. एकोणिसाव्या शतकात संस्थानी लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तोच हात वाद्याकडे वळवला. (तलवार घासणाऱ्या हाताने घोडी घासावी, हे आम्हांला फार आवडते. पण तो विषय निराळा.) यांचे भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठचे. जाड सालीचा, खाण्याच्या उपयोगाचा नाही असा तो भोपळा. तुकोबांनी यात्रेकरूंबरोबर धाडलेल्या कडू भोपळ्याची गोष्ट आपण कीर्तनात सांगतो. सगळ्या तीर्थांत बुडून आला तरी कडूच राहिला म्हणून. मिरजेचा कारागीर त्याला बुडवीत नाही. वाळवतो, कापतो, आतून कोरून रिता करतो, आणि मग त्याला तून लाकडाची दांडी जोडतो.

आता मुख्य गोष्ट. सगळे झाले, तारा चढल्या, तरी तंबोरा अजून बोलत नाही. घोडीच्या माथ्याला अगदी बारीक उतार द्यावा लागतो, तार त्या उतारावर टेकत-सुटत राहिली पाहिजे. त्याला जवारी काढणे म्हणतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात, आणि केसभर पुढे-मागे करता करता एका जागी आवाज एकदम उघडतो. ही जागा मोजपट्टीवर नसते. कारागीर घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. म्हणजे तंबोरा गळ्याला शिकवतो हे खरे, पण तंबोऱ्याला कोणी शिकवले? त्या कारागिराच्या कानाने. आणि त्या कानाने गंधार ओळखायचा कसा, हे तो आईच्या ओव्यांपासून दर्ग्यातल्या गाण्यापर्यंत मनुष्याच्याच गळ्यांतून शिकला. मिरजेस ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब गायले, आणि १९३७ साली गेल्यावर तिथेच त्यांना मूठमाती मिळाली. त्यांच्या सुराच्या गावात जवारी काढणारा कान कशावर घासला गेला असेल, हे सांगायला नको. तेव्हा नक्कल मुळाला शिकवते असे नसून, मुळानेच आपला हिशेब लाकडात लिहून ठेवला आहे आणि विसरले की उघडून बघतो. पुस्तक गुरूहून मोठे होत नाही, पण गुरू पुस्तक ठेवतोच.

याच प्रांतात या उलटचाही एक प्रयोग होऊन गेला, तो पुष्कळांना माहीत नाही. पेटी म्हणजे हार्मोनियम हे वाद्य विलायती. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली त्याचा हक्क नोंदवला. पुढे कलकत्त्यास त्याला हाताचा भाता लावून खाली बसून वाजवण्याजोगे केले गेले, आणि नाटकमंडळ्यांतून, भजनी मंडळांतून ते घरोघर पोचले. पण तिचे बारा स्वर सारख्या अंतरावर कापलेले. तंबोऱ्यातून आपोआप निघतो त्या गंधाराशेजारी पेटीचा गंधार ठेवला तर तो किंचित चढा लागतो, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत तर पेटीला पाऊलच टाकता येत नाही. मग सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हा प्रश्न हाती घेतला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेऊन त्यांनी बावीस श्रुती मोजल्या आणि १९१० साली त्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. सनदी नोकरीतले न्यायाधीश क्लेमेंट्स हेही त्यांच्या जोडीला होते. श्रुतींची पेटी विलायतेहून करवून आणली गेली, आणि १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तिथे तिच्यावर मोठा वाद झाला. पेटी कोणी वाईट म्हणाले नाही. पण गवयाच्या गळ्यात श्रुती कुठे राहते यावर पंडितांचे एकमत होईना, आणि जी मोजून खिळ्याने ठोकून बसवली ती गाताना पुन्हा जागेवरून हललेली दिसे. ती श्रुतींची पेटी प्रचारात आली नाही. बारा पट्ट्यांची साधी पेटी मात्र राहिली, आकाशवाणीवर १९४० ते १९७१ तिला बंदी होती तरी राहिली.

देवलांच्या श्रमांना आम्ही हसत नाही. उलट, कंठ काय करतो हे मोजायला गेल्यामुळेच तो किती करतो ते कळले. मोजणारा नसता तर आपण नुसते "गळा तो गळाच" म्हणत बसलो असतो, आणि ते म्हणण्यात ज्ञान नाही.

येथपर्यंत जे झाले ते स्वराचे. पण नुसत्या स्वराच्या हिशेबाने कंठ आणि वाद्य यांच्यात फार तर उन्नीस-बीस ठरेल. बासरीचा स्वर पुष्कळ गळ्यांहून गोड असतो, ते मान्य करावे. खरा भेद निराळ्या जागी आहे. तो पाहायचा असेल तर वाईहून कोसभर मेणवलीस जावे. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, मेणेश्वराचे देऊळ आहे, आणि तिथे एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली ती. तिच्यावर मेरीमाता आणि तिच्या कडेवरचा बाळ येशू यांची मूर्ती आहे. ही घंटा ओतली गेली ती ख्रिस्ती माणसांना प्रार्थनेस बोलावण्यासाठी; आणि तिचे आयुष्य गेले महादेवाच्या दारात. तिचा नाद बदलला का? मुळीच नाही. धातू तोच, घुमणे तेच. तिला वसईतही काही म्हणायचे नव्हते आणि मेणवलीतही नाही. जो वाजवील त्याचे म्हणणे ते तिचे म्हणणे.

कंठाचे असे नाही. कंठातून स्वराबरोबर अक्षर येते. वाद्य "आऽ" म्हणू शकते, कदाचित सगळ्यांत उत्तम "आऽ" म्हणू शकते, पण "राम" म्हणू शकत नाही. मृदंगाचे बोल आपण तोंडाने म्हणतो. मृदंग आपला बोल म्हणत नाही. आणि अक्षर आले की त्याच्याबरोबर एक जोखीम येते, ती वाद्याला कधीच नसते. तंबोरा बेसूर होईल. तंबोरा खोटा होणार नाही. खोटे बोलू शकणारे वाद्य सगळ्या सृष्टीत एकच आहे, आणि ते आपल्या गळ्यात आहे.

पाणिनीय शिक्षेत आवाज कसा निघतो याची एक साखळी दिली आहे. आत्मा बुद्धीशी बोलून काय सांगायचे ते ठरवतो, मनाला जुंपतो, मन शरीरातल्या अग्नीला ठोसते, अग्नी वाऱ्याला ढकलतो, वारा छातीत घुमून वर चढतो आणि तोंडात येऊन वर्ण होतो. आजच्या वैद्यकाला ही साखळी जशीच्या तशी पटायची नाही. पण तिचा आरंभ बघा: फुफ्फुसापासून नाही, गळ्यापासून नाही, काय सांगायचे आहे, इथून. साखळीची पहिली कडी जर रिकामी असेल तर बाकीच्या कड्या कितीही खणखणीत वाजोत. गळा गोड आणि जीव कोरडा, असे कीर्तन आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. आजकाल कीर्तनाच्या तारखा आणि बिदागीचे आकडे एकाच कागदावर लिहिले जातात. ज्या गावी कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये असा दंडक ज्या परंपरेत सांगितला गेला, तिच्यात हे चालले आहे. अशा कंठापेक्षा मेणवलीची घंटा बरी. ती निदान ज्याच्या दारात टांगली त्याच्याशी प्रामाणिक राहते.

आता पाहा, विचार कुठे येऊन ठेपला. कंठ श्रेष्ठ, कारण तो नाम घेऊ शकतो. आणि तोच कंठ नीच होऊ शकतो, कारण तो नाम खोटे घेऊ शकतो. मग श्रेष्ठपण मांसात नाही आणि हीनपण लाकडात नाही, हे उघड झाले. आणि इथे एक शंका कोणीही विचारील, विचारलीच पाहिजे: ज्याला वाचाच नाही त्याने काय करावे? जन्मतः मुका मनुष्य दिंडीत चालतो. त्याच्या कंठातून अक्षर निघत नाही. तर तो मेणवलीच्या घंटेच्या पंक्तीला बसला का?

नारदीय शिक्षेतल्या ज्या गात्रवीणेचा वर उल्लेख केला, तिचा अर्थ येथे नीट बघण्याजोगा आहे. आपण सहज धरून चाललो की गात्रवीणा म्हणजे गळा. पण सामवेदी ब्राह्मण साम गाताना काय करतात ते ज्याने पाहिले असेल त्याला कळेल. ते अंगठ्याने बोटांच्या पेरांना स्पर्श करीत जातात. अमुक स्वर अमुक पेरावर. ती गात्रवीणा. म्हणजे शास्त्रकारांनी देहाच्या वीणेत हातही धरला आहे, नुसता कंठ नव्हे. मुक्या वारकऱ्याच्या हातात टाळ आहे. तो टाळ त्याचा आहे, तो तालात आहे, तो पाऊल टाकतो आहे. आणि टाळ बोलत नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याने ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीबरोबर आपल्या जिल्ह्यात लोणंदच्या तळावर संध्याकाळी उभे राहावे. समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमलेल्या असतात, सहस्रावधी टाळ एकदम चाललेले असतात. चोपदार चोप उंच करतो आणि एका क्षणात सगळे शांत. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, वाटेत काही अन्याय झाला असेल, तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही. त्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातो, विचारतो, तिथल्या तिथे निवाडा होतो. आरफळच्या हैबतबाबांनी लावून दिलेल्या या सोहळ्यात पितळेच्या दोन वाट्यांना अशी वाचा आहे. कोणी म्हणेल का, की ही वाट्यांची वाचा? वाट्या तशाच, त्यांमागे उभा असलेला मनुष्य थांबायला तयार नाही, ही ती वाचा.

म्हणून आमचे म्हणणे असे, की रेघ कंठ आणि वाद्य यांच्यामध्ये ओढायचीच नाही. जिथे मनुष्य आपला वेळ, आपले अंग, आपली लाज घेऊन मागे उभा आहे तिथे लाकूडही गात्र होते. मृदंगी कार्यक्रमाआधी डाव्या पुडीला ओली कणीक लावतो, थापटतो, काढतो, पुन्हा लावतो. त्या वेळी तो जणू लेकराला भरवतो आहे. तो मृदंग त्याच्या हाताचाच भाग. आणि जिथे मागे कोणी उभे नाही, तिथे प्रत्यक्ष मनुष्याच्या कंठातून निघालेला आवाजही नुसता नाद. पहाटे देवळाच्या शिखरावरच्या कर्ण्यातून एखाद्या नामवंत गायकाचा काकडा लागतो. आवाज मनुष्याचाच, उत्तम मनुष्याचा. पण देवळात जाऊन बघावे तर पुजारी अजून यायचा आहे, यंत्र घड्याळावर लावून ठेवलेले आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला त्या आवाजाने पहाट होते, हे त्याचे पुण्य आम्ही नाकारीत नाही. ध्वनिमुद्रणाने आम्हांलाही गेलेल्यांचे गळे ऐकवले आहेत. पण काकडा त्याला म्हणू नये. काकडा झाला असे तर मुळीच म्हणू नये.

तर त्या मुलाच्या तंबोरा-यंत्राचे काय? रियाजाला ते खुशाल घ्यावे. एकट्याने बसून हरिपाठाची चाल घोळवताना सुराचा आधार हवा असतो, घरोघर तंबोरा कुठून आणणार? आम्हीही वापरतो. कीर्तनात कर्णा लावावा, मागच्या ओळीला ऐकू जाईल एवढाच लावावा, आणि रात्री दहानंतर सरकारी नियमाप्रमाणे बंद करावा. यात धर्म बुडत नाही. परंतु पहाऱ्याला यंत्र चालणार नाही. कारण पहाऱ्यात वीणा अखंड वाजली पाहिजे हा अर्धाच नियम आहे. ती गळ्यात घेऊन मनुष्य उभा राहिला पाहिजे, ती जमिनीला टेकता कामा नये, आणि एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाताना देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, हा उरलेला नियम. त्या वेळी वय बघत नाहीत, जात बघत नाहीत, घरच्या बांधाची भांडणे बघत नाहीत. सख्ख्या चुलत्याशी दहा वर्षे न बोललेला पुतण्या पहाटे चारला त्याच्याकडून वीणा घेतो, तेव्हा त्याला वाकावेच लागते. हे काम कोणते बटण करील? यंत्राचा सूर हलत नाही, हे खरे. आणि रात्री तीन वाजता डुलकी येऊन ज्याचा सूर हलतो, आणि जो दचकून पुन्हा सावरतो, त्याला पहारा म्हणतात.

राहिला माणसे मिळत नाहीत हा मुद्दा, आणि तो खोटा नाही. सात दिवसांचे तास होतात १६८. दोन-दोन तासांचे पहारे धरले तर ८४ पहारे. गावात उभे राहू शकतील अशी एकवीस माणसे असली तरी प्रत्येकाच्या वाट्याला सात दिवसांत चारच येतात. एकवीस पुरुष नाहीत, असे सांगतात. असेल. पण एकवीस माणसे नाहीत, हे आम्हांस मान्य नाही. जावळीच्या कितीतरी गावांत आज शेत बाया करतात, सोसायटीचे कर्ज बाया फेडतात, काकड्याला सगळ्यांत आधी बायाच येतात. आणि पहाऱ्याची यादी करताना मात्र त्या मोजायच्या नाहीत! मुक्ताबाई-जनाबाईंच्या पंथात हा हिशेब कोणी शिकवला? काही गावांत माउलींनी दिवसाचे पहारे घेतले, आता रात्रीचेही घेतात. वीणेला काही झाले नाही. मुंबईच्या पोरांना दोन महिने आधी कळवावे, शनिवार-रविवारच्या रात्री त्यांच्याकडे द्याव्यात. गुडघे धरलेल्यांना चौरंगावर बसून वीणा घेऊ द्यावी, वीणा त्यांच्या मांडीवर टेकली म्हणून रुसणार नाही.

आणि एवढे करूनही माणसे पुरलीच नाहीत, तर सप्ताह सात दिवसांचा न करता तीन दिवसांचा करावा, किंवा एका एकादशीचा अखंड पहारा करावा. बारा पहारे, बारा माणसे. यंदा वाईच्या पश्चिमेकडच्या एका वाडीने तसेच ठरवले आहे. यादी आमच्याकडे आली ती अकरा नावांची, त्यांत सहा माउली. बाराव्या जागी, रात्री दोन ते चार, त्या यंत्रवाल्या मुलाने स्वतःच्या हाताने आपले नाव लिहिले आहे.